मागायला शिकलेली संघमित्रा

नागपूरच्या ज्या घरात संघमित्रा वाढली, त्या घरात ‘मागणं’ हा जवळजवळ वाईट शब्द होता. तिचे वडील, सुभाष गजभिये, वीज मंडळात खांबावर चढणारे लाइनमन म्हणून लागले आणि साहेब होऊन रिटायर झाले. आई लवकर गेली. मग बाप-लेक दोघंच राहिले. घरात बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, संध्याकाळी दोघं मिळून वंदना म्हणायचे. पण वंदनेत कुणी काही मागत नाही, हे तिला लहानपणापासून पक्कं ठाऊक. शेजारच्या मैत्रिणी परीक्षेच्या आधी देवळात नारळ ठेवून यायच्या तेव्हा तिला हसू यायचं.

“आपण कोणापुढं हात पसरत नाही बेटा,” बाबा म्हणायचे. “जे पाहिजे ते शिकून घ्यायचं, कमवून घ्यायचं.”

तसंच तिनं केलं. फिजिओथेरपी शिकली, अमेरिकेत आली, इथली लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात एका क्लिनिकमध्ये नोकरी लागली. गाड्यांच्या ब्रेकवर काम करणाऱ्या प्रफुल्ल रामटेके नावाच्या इंजिनिअरशी लग्न झालं. प्रफुल्ल वर्ध्याचा, शांत, कमी बोलणारा, आणि बोलला की हसवणारा. दोघांनी घर घेतलं. मागे थोडी झाडी, संध्याकाळी तिथं हरणं यायची आणि प्रफुल्लचे टोमॅटो खाऊन जायची. सगळं कसं हिशेबात बसलं होतं.

आणि मग एक गोष्ट अशी आली की ती शिकूनही मिळेना, कमवूनही मिळेना.

मूल होईना. डॉक्टरांनी दोघांच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं. “मग होत का नाही?” तिनं विचारलं. डॉक्टरबाईंनी खांदे उडवले नाहीत एवढंच. पण उत्तर तेच होतं, कारण सापडत नाही. संघमित्राला हे सगळ्यात जड गेलं. तिचं अख्खं आयुष्य कारण शोधण्यात गेलेलं. खांदा दुखतो तर का दुखतो, माणूस लंगडतो तर कुठून लंगडतो. इथं कारणच नव्हतं, तर दुरुस्ती कशाची करायची?

इंजेक्शनं सुरू झाली. स्वयंपाकघराच्या ओट्याशी ती टीशर्ट वर धरून उभी राहायची आणि प्रफुल्ल आधी बर्फ लावून मग हलक्या हातानं सुई टोचायचा. एकदा दिवस राहिलेही. स्क्रीनवर एक बारीकसा ठिपका फडफडताना दोघांनी पाहिला. पुढच्या वेळी गेले तेव्हा तो ठिपका फडफडत नव्हता. घरी आल्यावर प्रफुल्ल “बर्फाचं फावडं कुठं ठेवलं बघतो” म्हणून गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ आलाच नाही. फावडं दारामागेच होतं. तिला ते दिसत होतं. ती त्याला हाक मारायला गेली नाही.

एप्रिलमध्ये त्यांच्या मंडळाची भीमजयंती एका शाळेच्या हॉलमध्ये असायची. डेट्रॉइटच्या आसपासची सगळी कुटुंबं जमायची, पोरं निळे झब्बे घालून स्टेजवर भाषणं करायची. कुणीतरी प्रेमानंच विचारायचं, “मग, तुमचं काय प्लॅनिंग?” आपलीच माणसं, वाईट मनाची कुणीच नाही. तरी त्या वर्षी तिनं सगळा वेळ स्वयंपाकाच्या खोलीत ताटं भरण्यात काढला, आणि पुढच्या वर्षी ती गेलीच नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अहिल्याकाकू तिच्या क्लिनिकमध्ये आल्या.

अहिल्या रणपिसे मूळच्या जालन्याच्या. मिशन शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेलं, नवरा वारलेला. मुलगा अनीश इकडे नोकरीला, म्हणून त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली, वॉकर घेऊन ठुकठुक करत आत आल्या. समोर मराठी बोलणारी पोरगी बघून त्यांचा चेहरा असा खुलला की संघमित्रालाही बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

पहिल्या दिवशी प्रत्येक पेशंटला विचारावं लागतं, बरं झाल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं? कुणी म्हणतं गोल्फ, कुणी जिने, कुणी नातवाला उचलणं. काकू म्हणाल्या, “मला गुडघे टेकता यायला हवेत.”

“बागकाम करता का?”

“छे गं. प्रार्थनेसाठी. खुर्चीवर बसून केली तरी देव ऐकतोच म्हणा. पण पन्नास वर्षांची सवय आहे. नवरा गेला तेव्हाही गुडघ्यांवरच होते.”

संघमित्रानं मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर लिहून घेतलं. मनात म्हणाली, लोकांना कशाकशाची सवय असते!

काकू आठवड्यातून दोनदा यायच्या. व्यायाम चालू असताना जालन्याच्या गोष्टी सांगायच्या, संघमित्राला नागपूरचं विचारायच्या. एका सकाळी, काकू व्यायामाच्या सायकलवर पाय फिरवत असताना संघमित्राचा फोन वाजला. उपचार चालू होते त्या दवाखान्यातली नर्स होती. संघमित्रा बाजूला जाऊन बोलली, दोनच मिनिटं. परत आली तेव्हा चेहरा नेहमीसारखाच ठेवला होता, पण काकूंच्या सायकलचा वेग वाढवायचं बटण दाबायचं सोडून तिनं सायकल बंदच केली.

“काय झालं बाळा?”

“काही नाही काकू.” आणि तेवढ्यात तिचा बांध फुटला. परक्या बाईसमोर, भर क्लिनिकमध्ये. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिनं काकूंना सगळं सांगितलं. ह्या वेळीही नाही.

काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, “मी तुझ्यासाठी प्रार्थना करू का? नको असेल तर नको म्हण, मला राग यायचा नाही.”

“नको,” संघमित्रा म्हणाली. “आम्ही मानत नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “मग सायकल सुरू कर माझी. आज तू मला कमी दमवलंस.”

संघमित्राला पुढं कित्येकदा वाटलं, त्या दिवशी काकूंनी जरा जरी आग्रह केला असता, तरी ती त्यांना दुसऱ्या थेरपिस्टकडे पाठवून मोकळी झाली असती. पण त्या नुसतं “बरं” म्हणाल्या. ते ‘बरं’ तिच्या मनातून जाईना.

काही दिवसांनी तिनंच विषय काढला. काकूंच्या गुडघ्याला पट्टी बांधता बांधता, खाली बघत म्हणाली, “काकू, तुम्ही मागता आणि तो देत नाही, असं कधी झालंय?”

“किती वेळा! माझ्या नवऱ्याच्या कॅन्सरसाठी मी रोज मागत होते. नाही दिलं.”

“मग?”

“मग भांडले. म्हटलं, तुझ्याशी बोलणार नाही. पण हे सांगितलं कुणाला, तर त्यालाच!” काकू हसल्या. “संघमित्रा, मी काही तुला समजावून सांगू शकत नाही. गणित असतं तर फळ्यावर सोडवून दाखवलं असतं. एवढंच कळतं की त्या सगळ्या दिवसांत मी एकटी नव्हते. कुणीतरी माझं ऐकत होतं आणि माझ्याबरोबर रडत होतं. प्रभू येशू स्वतः रडलेला आहे गं, दुखणं त्याला ठाऊक आहे.”

त्या दिवशी काम संपल्यावर संघमित्रा गाडीत जाऊन बसली. काचेवर बर्फ साचलेला, हीटर नुकता सुरू केलेला. बर्फ वितळेपर्यंत थांबणं भागच होतं. ती स्टीअरिंगवर हात ठेवून बसली आणि अचानक मोठ्यानं बोलली, “मला मागता येत नाही. मला कुणी शिकवलेलं नाही.”

आपलाच आवाज ऐकून ती दचकली. पण थांबली नाही.

“तू आहेस की नाही मला माहीत नाही. मूल दे म्हणायची मला भीती वाटते, कारण तू नाही दिलंस तर मी काय करू? एवढंच कर. मला इतकं एकटं वाटू देऊ नकोस.”

आकाशातून काही आवाज आला नाही. वायपरनं काच पुसली, समोरचा रस्ता दिसायला लागला. घरी येऊन तिनं भाकरी थापली आणि पोटभर जेवली. प्रफुल्ल तिच्याकडे बघत राहिला. “कितीतरी दिवसांनी तू नीट जेवलीस,” तो म्हणाला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की छातीत जो दगड घेऊन ती हिंडत होती तो आज थोडा हलला आहे.

मग ती रोज गाडीत बोलायला लागली. कधी मराठीत, कधी इंग्लिशमध्ये, कधी नुसती गप्प बसायची. प्रफुल्लला सांगितलं तेव्हा तो विचारात पडला. “मला नाही जमणार,” तो म्हणाला, “पण तुझ्या चेहऱ्यावर फरक दिसतोय यार. तू कर.”

काकूंचा शेवटचा दिवस आला. गुडघा छान वाकत होता, जिने चढता येत होते. राहिलं होतं फक्त गुडघे टेकणं. नव्या गुडघ्यावर भार द्यायला बहुतेक लोक घाबरतात. आतून तो पक्का असतो, पण वरची कातडी बधिर झालेली असते, आपला गुडघा आपला वाटत नाही. संघमित्रानं जमिनीवर जाड गादी टाकली. “मी आधी करून दाखवते,” ती म्हणाली. हे तिनं कितीतरी पेशंटना करून दाखवलं होतं. एक हात खुर्चीवर, आधी चांगला पाय मागे, मग सावकाश दुसरा. ती गुडघ्यांवर आली. शेजारी काकू धडपडत, कुरकुरत, एकदा “अगं आई गं” म्हणत खाली आल्या, आणि टेकल्या.

“आले!” काकू लहान मुलीसारख्या ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता उठायचं कसं ते दाखवायचं होतं. पण संघमित्रा उठलीच नाही.

“काकू,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. आज कराल?”

काकूंनी तिचा हात हातात घेतला. आजूबाजूला लोक डंबेल उचलत होते, टीव्हीवर हवामानाचा अंदाज चालला होता. काकू हळू आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. “प्रभू, ही माझी लेक. हिनं मला चालतं केलं. आता तू हिला धर. हिच्या पोटी मूल दे असं मी मागते, आणि तुझ्या मनात दुसरं काही असेल तर ते पेलायची ताकद दे. पण हिला सोडू नकोस. आमेन.”

संघमित्रानं ‘आमेन’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्या क्षणी तिला काय वाटलं ते ती पुढे कधी नीट सांगू शकली नाही. प्रफुल्लला म्हणाली, “मला वाटलं होतं वाकल्यावर लहान वाटेल. उलट कुणीतरी मला पूर्ण बघतंय असं वाटलं.”

काकू आता पेशंट राहिल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या घरी जायला हरकत नव्हती. अनीशच्या घराच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी सकाळी मराठी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना असायची. चारसहा घरं, एक पेटी, चहाचा मोठा थर्मास. संघमित्रा मागच्या खुर्चीवर बसून ऐकायची. गाणी मराठीत, ओव्यांच्या चालीवर, आपल्या मातीतली. हा परक्यांचा देव आहे असं तिला लहानपणी वाटायचं. इथं तो जालन्याच्या मराठीत बोलत होता.

वसंतात पुन्हा एकदा उपचार ठरले. सगळ्यांनी प्रार्थना केली. संघमित्रानं ह्या वेळी न घाबरता मागितलं, “मला मूल दे.” मागितलं, आणि वाट पाहिली.

नाही झालं.

शनिवारी तिनं ते सगळ्यांना सांगितलं. यामिनी नावाची एक बाई होती, मनानं चांगली पण जिभेला लगाम नसलेली. ती म्हणाली, “कदाचित विश्वास कमी पडला असेल गं.”

अहिल्याकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला. “यामिनी, माझा नवरा गेला तेव्हा माझा विश्वास किती ग्रॅम कमी पडला होता, मोजून सांगशील? सांगता येत नसेल तर पुन्हा असं कुणाला बोलू नकोस.”

यामिनीनं नंतर येऊन माफी मागितली, संघमित्रानं मान हलवली. पण त्यानंतर कित्येक शनिवार ती गेली नाही. गाडीतही बोलायची नाही. मग एकदा क्लिनिकमधून घरी येताना तिनं गाडी बाजूला घेतली आणि ओरडली, “मी तुझ्यावर खूप चिडलेय!” इतकं बोलली, इतकं बोलली, की घसा बसला. नागपुरात बाबांवर चिडायची तशी चिडली. आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, जो नाहीच त्याच्यावर कुणी एवढं चिडत नाही. मूल मिळालं नव्हतं. मागितलेलं मिळालं नव्हतं. तरी तो तिथंच होता, आणि ती त्याला सोडून जायला तयार नव्हती. ती हसायला लागली. बाजूनं जाणाऱ्या गाडीतल्या माणसानं तिच्याकडे चमकून पाहिलं.

त्या दिवसापासून ती देवाला धरून राहिली, ती कुठल्या अटीवर नाही. डॉक्टरांना तिनं सांगितलं, आता बास. हे सांगताना तिचा आवाज हलला नाही.

उन्हाळ्यात बाबा आले. नागपूरहून येताना बॅगेत संत्रा बर्फी आणि प्रफुल्लसाठी सावजी मसाला. दोनचार दिवस गेले, आणि मागच्या अंगणात बसलेले असताना तिनं सांगून टाकलं. “बाबा, मी बाप्तिस्मा घेणार आहे.”

सुभाषराव खुर्चीतून उठले. मग म्हणाले, “हे का बोलून राहिली तू? आपल्या लोकांनी एवढी लढाई करून देवाच्या दारातून बाहेर पाय टाकला. तू परत दुसऱ्याच्या दारात चालली? लेकरासाठी?”

“लेकरासाठी असतं तर आतापर्यंत सोडून दिलं असतं, बाबा. लेकरू तर मिळालं नाही.”

“मग कशासाठी?”

“बाबा, मी फार एकटी पडली होती. तुम्हाला फोनवर सांगत नव्हती, प्रफुल्लला सांगत नव्हती. तेव्हा त्यानं मला धरलं. तुम्ही मला शिकवलं ना, कुणी आपल्याला खालचं म्हटलं तर तिथं थांबायचं नाही? तिथं मला कुणी खालचं म्हटलं नाही. मी ताठ मानेनं गेली आणि माझ्या मनानं गुडघे टेकले. कुणी टेकवले नाहीत.”

“आणि बाबासाहेब?”

“ते भिंतीवरच आहेत, बाबा. त्यांच्यामुळेच मी इथं आहे. त्यांचा फोटो मी काढणार नाही.”

म्हातारा घरात निघून गेला. दोन दिवस बापलेक जेवढ्यास तेवढं बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, “मला पटलं नाही. पण तू विचार करून केलं, हे मला दिसून राहिलं. विचार करायला मीच शिकवलं. कधी आहे तो कार्यक्रम?”

अनीश ज्या चर्चला जायचा, तिथले पास्टर दर उन्हाळ्यात एका तळ्यावर बाप्तिस्मा देत. तळ्याकाठी लोक खुर्च्या टाकून बसलेले, पलीकडे पोरं पोहत होती, कुणी मक्याची कणसं भाजत होतं. संघमित्रा कमरेएवढ्या पाण्यात गेली. पास्टरनी तिला मागे वाकवलं, पाण्याखाली घातलं, वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलं, ती ठसकत, हसत बाहेर आली. काठावर सगळे टाळ्या वाजवत होते, काकू तर काठी हवेत उंचावत होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून तिचे वडील पाण्यात उभे होते. दुसऱ्या हातात मोठा टॉवेल होता.

“ये,” ते म्हणाले. “थंडी वाजंन.”

त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, लहानपणी अंबाझरी तलावावर गुंडाळायचे तसं. त्यांचेही डोळे ओले झाले होते, पण ते तळ्याच्या पाण्यानं, असं त्यांनी प्रफुल्लला सांगितलं.

हिवाळा लागला तेव्हा एका रात्री जेवताना प्रफुल्ल अन्न चिवडत बसला होता. “मी प्रार्थना वगैरे करत नाही,” तो म्हणाला, “पण एक विचार डोक्यातून जात नाहीये. आमच्या लॅबमधली एकजण फॉस्टर मुलं सांभाळते. ज्यांचे आईबाप त्यांना सांभाळू शकत नाहीत अशी. काही दिवस ठेवायची, मग बहुतेक परत जातात. आपण… म्हणजे तुला झेपेल का? परत गेलं तर?”

संघमित्रानं हातातला घास खाली ठेवला. महिनाभर ती हेच देवाला विचारत होती आणि प्रफुल्लला बोलायचं धाडस होत नव्हतं. तिनं टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात धरला. “झेपेल,” ती म्हणाली. “नाही झेपलं तर ताकद मागून घेईन.”

ट्रेनिंग झालं, घराची तपासणी झाली, आणि एका दुपारी मार्ली आली. चार वर्षांची होत आलेली, कुरळ्या केसांची, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. पहिले काही दिवस ती डायनिंग टेबलाखालून बाहेरच येईना. संघमित्रानं तिला ओढून काढलं नाही. ताटली घेऊन तीच टेबलाखाली बसायला लागली. मग प्रफुल्लही वाकून आत शिरला आणि त्याचं डोकं टेबलाला आपटलं. मार्ली हसली. तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा.

मार्लीची आई नशेच्या आजारातून सुटायचा प्रयत्न करत होती. ती सुटली तर मार्ली परत जाणार होती. ही गोष्ट संघमित्राला रोज टोचायची. शनिवारी काकूंनी विचारलं, “कुणासाठी प्रार्थना करायची?” संघमित्रा मागच्या खुर्चीवरून उठून पुढे आली. मग म्हणाली, “मार्लीच्या आईसाठी. ती बरी व्हावी म्हणून.”

हे मागणं तिला जड जात होतं. कारण जे ती मागत होती ते मिळालं, तर तिचं घर पुन्हा रिकामं होणार होतं. तरी तिनं मागितलं, आणि मनापासून मागितलं. त्या शनिवारी बेसमेंटमध्ये यामिनीच सगळ्यात आधी रडली.

मार्लीची आई खरंच बरी व्हायला लागली. तिला नीट काम लागलं, चेहऱ्यावर रंग आला. संघमित्रानं मनाची तयारी केली, मार्लीचे कपडे एका चांगल्या बॅगेत भरायला घेतले. पण शेवटच्या भेटीला मार्लीच्या आईनं, खरं तर मुलगीच ती, फार तर बावीसतेवीसची, संघमित्राचे दोन्ही हात धरले. इंग्लिशमध्ये जे म्हणाली त्याचा अर्थ असा की मी आत्ता कुठं स्वतःला सावरतेय, हिला सावरायला मी पुरणार नाही. ती तुमच्याकडे हसते. माझ्याकडे यायचं म्हटलं की घाबरते. तिला तुम्हीच वाढवा, फक्त मला अधूनमधून भेटू द्या. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. दोघी तिथं एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. संघमित्रानं तिला वचन दिलं आणि ते पाळलं. मार्लीच्या प्रत्येक वाढदिवसाला ती मुलगी येते आणि केकचा पहिला तुकडा तिलाच मिळतो.

पोटी मूल नाही ह्याचं दुःख पार पुसलं गेलं का? नाही. अजूनही कधी क्लिनिकमध्ये एखादी गरोदर बाई कंबर दुखते म्हणून आली, की संघमित्राच्या आत काहीतरी हलतं. ते ती लपवत नाही. घरी जाताना गाडीत बसून सांगते आणि मोकळी होते.

दत्तक विधान नोव्हेंबरमध्ये झालं. वर्षातून त्या एका दिवशी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात एकामागून एक दत्तक मुलांचीच कामं असतात. सगळीकडे फुगे, जजबाईंच्या टेबलावर टेडी बेअर. संघमित्राला वाटलं होतं आपल्याकडून चारजण येतील. पण कोर्टाची खोली भरून गेली. अनीशच्या बेसमेंटमधली सगळी मंडळी आली होती. आणि जयंतीच्या मंडळातली सगळी कुटुंबं, पोरंबाळं घेऊन, निळे झब्बे घालून आली होती. प्रफुल्लनं दोन्हीकडे निरोप दिला होता. काकू आणि मंडळाच्या बायका एकाच बाकावर दाटीवाटीनं बसून एकमेकींना आपापल्या गावचं विचारत होत्या. प्रफुल्लच्या हातातल्या फोनवर नागपूरहून बाबा दिसत होते, कडक इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले.

जजबाईंनी सही केली आणि मार्लीकडे वाकून म्हणाल्या की आजपासून तू मार्ली रामटेके. मार्लीनं आधी प्रफुल्लकडे बघितलं, मग संघमित्राकडे. “फॉर गुड?” तिनं विचारलं.

“कायमची,” संघमित्रा म्हणाली. “फॉर गुड, बेटा.”

मार्लीनं एकदम तिच्या गळ्यात उडी मारली. मागून अहिल्याकाकू “हालेलुया!” म्हणून ओरडल्या. फोनमधून बाबांचा खणखणीत आवाज आला, “जय भीम!” त्यावर अख्ख्या खोलीनं उलटून “जय भीम” म्हटलं आणि बेलिफ बिचारा गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. जजबाई हसत होत्या. त्यांनी आपली लाकडी हातोडी मार्लीच्या पुढे केली. आजचं काम संपलं असं तिनंच सांगायचं होतं.

मार्लीनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि ठाणकन टेबलावर मारली. आवाज तिला आवडला. तिनं पुन्हा मारली, पुन्हा मारली, आणि हसत हसत मारतच राहिली. तिला थांबवायला कुणी पुढे गेलं नाही.